झुंबराची भूमिती

डेव्हिड हॉकनी या इंग्लिश चित्रकाराने २००१ साली 'सीक्रेट नॉलेज' हे पुस्तक लिहिले आणि कलेच्या इतिहासकारांत मोठीच खळबळ माजली. इ. स. १४३० च्या सुमारास फ्लँडर्समधल्या चित्रांत एकाएकी जो हुबेहूबपणा आला तो केवळ डोळ्यांचा आणि हाताचा नव्हे; अंतर्वक्र आरशाने फलकावर उलटी प्रतिमा पाडून ती गिरवली गेली असावी, असा हॉकनी यांचा दावा. ॲरिझोना विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स फाल्को यांनी त्याला प्रकाशशास्त्राची आकडेमोड पुरवली.

दावा मोठा आकर्षक आहे. पण मला त्याहून गंमत वाटते ती तो तपासला गेला त्या पद्धतीची.

हॉकनी यांचा आवडता पुरावा म्हणजे यान व्हान आयिकचे १४३४ चे 'आर्नोल्फिनी' दांपत्याचे चित्र. लंडनच्या नॅशनल गॅलरीत ते आहे. ओकच्या फळीवरचे, उंची जेमतेम ८२ सेंटीमीटर. त्यात वर सहा हातांचे पितळी झुंबर लटकते आहे, मेणबत्ती मात्र एकच पेटलेली. इतके वळणावळणाचे झुंबर नुसत्या नजरेने काढणे कसे शक्य आहे, हा हॉकनी यांचा प्रश्न.

डेव्हिड स्टॉर्क आणि अँटोनिओ क्रिमिनिसी या दोन संगणकतज्ज्ञांनी प्रश्न उलटा केला. झुंबराचे सहाही हात सारखे असतील आणि प्रतिमा खरोखर आरशातून पडली असेल, तर यथादर्शनाच्या गणिताने एक हात फिरवून दुसऱ्यावर ठेवला की तो चपखल बसला पाहिजे. संगणकावर त्यांनी तसे केले. हात जुळेनात! खऱ्या झुंबरांच्या छायाचित्रांवर हीच कसोटी लावली, तर फरक कितीतरी कमी.

यावर समर्थकांचे उत्तर असे की झुंबर हाताने घडवलेले, त्याचे हात मुळातच कमीजास्त असणार. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्याकडचा जुना लामणदिवा घ्या, साखळीच्या दोन कड्या तरी तंतोतंत सारख्या मिळतात का? तरीही माझा कल स्टॉर्क यांच्याकडे आहे. कारण दुसरेही आहे: चित्रकारांनी अशी प्रतिमा पाडून गिरवावी हे इटलीत देल्ला पोर्ताने छापून सांगितले ते १५५८ साली, म्हणजे या चित्रानंतर सव्वाशे वर्षांनी.

जॉर्ज द ला तूरच्या 'सुताराच्या कर्मशाळेतला ख्रिस्त' या सतराव्या शतकातल्या चित्राचेही तेच. मेणबत्तीच्या उजेडात प्रतिमा पडण्याइतका प्रकाश नसतो, तेव्हा खरा दिवा चौकटीबाहेर असावा, असे हॉकनी म्हणतात. स्टॉर्क आणि सहकाऱ्यांनी ते दृश्य संगणकात त्रिमितीत उभारले, आभासी दिवा इकडेतिकडे हलवून पाहिला. सावल्या नीट जुळल्या त्या दिवा मेणबत्तीच्याच जागी ठेवल्यावर. (व्हर्मीरची गोष्ट वेगळी. त्याच्या बाबतीत फिलिप स्टेडमन यांचा भिंगाच्या पेटीचा तर्क मला बराच पटतो. पण व्हर्मीर व्हान आयिकच्या दोनशे वर्षे नंतरचा.)

आता त्याच आर्नोल्फिनी चित्रातला मागच्या भिंतीवरचा गोल, बहिर्वक्र आरसा. चौकटीवर ख्रिस्ताच्या यातनांची दहा इवलीशी दृश्ये, वर चित्रकाराची सही. हाच आरसा उलटा केला की प्रतिमा पाडायचे साधन मिळते, अशीही एक कल्पना होती. पण त्याची वक्रता मोजली तर नाभीय अंतर त्या कामाला लागते तेवढे भरत नाही.

क्रिमिनिसी यांनी मार्टिन केम्प आणि सिंग बिंग कांग यांच्यासोबत या आरशातले प्रतिबिंब गणिताने 'सपाट' केले. फुगलेल्या रेषा बऱ्याचशा सरळ झाल्या आणि खोली उलट्या बाजूने दिसू लागली: खिडकी, नवराबायकोच्या पाठी, आणि दारात उभी असलेली दोन माणसे. त्यांतला एक स्वतः व्हान आयिक असावा, असे बरेच जण मानतात.