पिपाणी, बकरी आणि गोष्टीची मालकी: एका चिनी खेळणी कंपनीचा प्रवास

१/
१० सप्टेंबर २००९. शेन्झेनच्या शेअर बाजारात ग्वांगडोंग प्रांतातील एका कंपनीचे समभाग प्रथमच विक्रीस आले. ‘चीनच्या अ‍ॅनिमेशन क्षेत्रातील पहिली सूचीबद्ध कंपनी’ असा तिचा गौरव झाला. तिची मिळकत मात्र मुख्यतः प्लास्टिकच्या खेळण्यांची होती. खेळणी विकणारा गोष्टी सांगणारा कसा झाला आणि तो खरोखर झाला का, याचा हा धागा.

२/
कंपनीचे आजचे नाव आल्फा ग्रुप. जुन्या पिढीतील चिनी मुले तिला ‘ऑल्डी’ या खेळण्यांच्या नावाने ओळखतात. तिचे मूळ गाव शान्तोउ शहराजवळचे चंगहाय. हा किनारा शतकानुशतके दर्यावर्दी व्यापाऱ्यांचा. येथील झांगलिन बंदरातून लाल नाळेची जहाजे सयामकडे जात. अठराव्या शतकात सयामच्या गादीवर बसलेल्या ताकसिन राजाचे वडील चंगहायचेच.

३/
१९८० साली चीनने परकीय भांडवलासाठी जे चार ‘विशेष आर्थिक प्रदेश’ ठरवले, त्यांत शान्तोउ होते. हाँगकाँगमधील खेळण्यांचे कारखाने तेव्हा स्वस्त मजुरीच्या शोधात दक्षिण चीनकडे सरकत होते. चंगहायमध्ये घराघरांत प्लास्टिक ओतण्याची छोटी यंत्रे आली. साचा एकाचा, रंगकाम दुसऱ्याकडे, जोडणी तिसऱ्याकडे, अशी वाटणी होऊन सारा गाव कारखाना बनला.

४/
अशाच एका घरात कंपनीचे संस्थापक त्साय दोंगछिंग वाढले. जन्म १९६९ चा. थोडे पैसे उसने घेऊन हाताने चालवायचे एक यंत्र आणले आणि प्लास्टिकच्या पिपाण्या करायला घेतल्या, अशी त्यांच्या आरंभाची हकीकत सांगितली जाते. १९९३ मध्ये ऑल्डीची रीतसर कंपनी झाली. पिपाणीत मात्र एक मूलभूत अडचण होती. ती कोणीही बनवू शकत होता.

५/
चंगहायच्या धंद्यातली खरी कोंडी हीच. नवे खेळणे बाजारात आले की काही आठवड्यांत शेजारच्या गल्लीत त्याची नक्कल तयार. किंमत घसरे, नफा उरत नसे. साच्याची नक्कल करता येते. पण मुलाने ‘मला तेच हवे’ म्हणून धरलेला हट्ट कोठून आणायचा? तो हट्ट गोष्टीतून येतो. हे उत्तर त्याआधी जपान आणि अमेरिकेत सापडलेले होते.

६/
जपानच्या ताकारा कंपनीची रूप बदलणारी खेळणी अमेरिकेच्या हॅस्ब्रोने घेतली, त्यांना नावे आणि वैर दिले आणि १९८४ मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर्स’ ही मालिका पडद्यावर आणली. त्याच दशकाच्या अखेरीस ती मालिका चिनी वाहिन्यांना जवळपास फुकट देण्यात आली. तिच्या पाठोपाठ खेळणी दुकानांत आली आणि त्यांची किंमत आईवडिलांच्या डोळ्यांत पाणी आणणारी होती. मालिका हीच जाहिरात होती.

७/
हाच धडा ऑल्डीने गिरवला. जपानच्या तामिया कंपनीने १९८२ पासून विकलेल्या बॅटरीवर धावणाऱ्या छोट्या मोटारींवर तेथे ‘लेट्स अँड गो’ ही मालिका निघाली होती. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ती चीनमध्ये गाजली. तिच्या लोकप्रियतेला ऑल्डीने आपल्या मोटारींची जाहिरात आणि शर्यती जोडल्या. गोष्ट जपानी, कल्पना तामियाची, पण असंख्य चिनी मुलांच्या हातातली गाडी चंगहायची.

८/
चीनकडे स्वतःच्या गोष्टी नव्हत्या का? होत्या, आणि उत्तम होत्या. वान बंधूंनी १९४१ मध्येच पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट काढला होता. वान लायमिंग यांनी शांघायच्या सरकारी स्टुडिओत वानरराजाचा ‘स्वर्गातला धुमाकूळ’ दोन भागांत उभा केला (१९६१ व १९६४). शाईच्या चित्रांना हलते करण्याची किमयाही त्याच स्टुडिओची. पण सरकार ठरल्या दराने चित्रपट विकत घेई. त्या व्यवस्थेत खेळण्याचा विचार करायची गरजच नव्हती.

९/
नव्वदच्या दशकात ती हमी संपली. दूरचित्रवाणीवर जपानी आणि अमेरिकी मालिकांचे राज्य आले. अनेक चिनी चित्रकार परदेशी स्टुडिओंसाठी मजुरीवर चित्रे काढू लागले. म्हणजे खेळण्यांच्या कारखान्यात आणि चित्रांच्या स्टुडिओत एकच चित्र: हात चिनी, कल्पना दुसऱ्याची. ही सल राज्यकर्त्यांनाही होती.

१०/
२००४ पासून देशी अ‍ॅनिमेशनला प्रोत्साहन देणारी धोरणे आली. १ सप्टेंबर २००६ पासून सायंकाळी ५ ते ८ या वेळेत परदेशी अ‍ॅनिमेशन दाखवण्यास बंदी झाली. २००८ मध्ये ती रात्री ९ पर्यंत वाढली. मुले घरी असण्याची नेमकी वेळ सरकारी आदेशाने रिकामी झाली. ती भरायला कोणीतरी हवे होते, आणि ज्याच्याकडे विकायला खेळणी तयार होती, त्याला मालिका स्वस्तात देणेही परवडत होते.

११/
२००६ मध्ये ऑल्डीने ‘ब्लेझिंग टीन्स’ ही यो-यो खेळणाऱ्या मुलांची मालिका आणली. तिच्यात खऱ्या नटांनी काम केले होते. शाळांच्या मैदानांत यो-योचे वेड पसरले. पुढे मुलींसाठी जादूगार पऱ्यांची ‘बालाला’ आणि मुलांसाठी ‘आर्मर हीरो’ हे चिलखतधारी वीर आले. दर वेळी क्रम तोच: आधी साचा, मग नायक. नायकाच्या हातात काय असेल हे कारखाना ठरवी आणि तो कोणाशी लढेल हे त्यानंतर ठरे.

१२/
शेअर बाजारात आलेला पैसा, २०१० मध्ये हाती आलेले ‘जियाजिया’ या बालवाहिनीचे व्यवस्थापन आणि सरकारचा पाठिंबा. साखळी पूर्ण झाली. देशभरात अनुदानाच्या ओढीने मालिकांचा पूर आला. २०११ मध्ये चीनने सुमारे २ लाख ६१ हजार मिनिटांचे अ‍ॅनिमेशन तयार केले. मिनिटे मोजता येतात म्हणून मिनिटेच वाढली. त्यांतली किती मुलांच्या लक्षात राहिली, याची मोजदाद कोणत्याही तक्त्यात नव्हती.

१३/
लक्षात राहिलेल्यांत अग्रभागी होती एक बकरी. ग्वांगझोउच्या एका छोट्या स्टुडिओने २००५ मध्ये ‘शी यांगयांग आणि हुई तायलांग’ सुरू केली. हुशार बकरी आणि तिला कधीच खाऊ न शकणारा लांडगा. लांडग्याला घरी बायकोच्या तव्याचा मार. २००९ च्या पहिल्या चित्रपटाने सुमारे ६० लाख युआन खर्चात ८ कोटींहून अधिक युआन मिळवले. ही गोष्ट कोणत्याही साच्यातून निघालेली नव्हती. खेळणी तिच्या मागून आली.

१४/
ही बकरी आधी हाँगकाँगच्या इमागी कंपनीकडे गेली. २०१३ मध्ये ती आल्फाने सुमारे ५४ कोटी युआनला विकत घेतली. पण मालिकेचे प्रमुख कलावंत ह्वांग वेइमिंग तोवर बाहेर पडून नव्या मालिकेच्या कामाला लागले होते. करारात पात्रांची नावे, चेहरे आणि हक्क लिहिता येतात. पुढचा विनोद कोणाला सुचेल, हे लिहिता येत नाही.

१५/
त्याच वर्षी मालिकेतला प्रसंग खेळताना ज्यांगसू प्रांतात दोन लहान भाऊ गंभीर भाजले. त्यांच्या सवंगड्याने बकरीला बांधून भाजण्याचा खेळ मांडला होता. न्यायालयाने निर्मात्या स्टुडिओवर १५ टक्के जबाबदारी टाकली. भरपाईची रक्कम मोठी नव्हती, तरी निकालाचा अर्थ मोठा होता. मुलांच्या मनावर पकड मिळवणे हा ज्यांचा व्यवसाय, त्यांना त्या पकडीचे उत्तरदायित्वही असते.

१६/
आल्फाची खरेदी वाढतच गेली. २०१५ मध्ये ‘यू१७’ हे चित्रकथांचे ऑनलाइन व्यासपीठ ९० कोटी ४० लाख युआनला घेतले. लिओनार्डो डिकॅप्रिओच्या ‘द रेव्हनंट’मध्ये पैसे गुंतवले. २०१६ मध्ये बाबागाड्या आणि मुलांसाठी मोटारीतली आसने विकणारी अमेरिकी कंपनी घेतली. चीनचे डिस्नी होण्याचे स्वप्न होते. डिस्नीच्या घडणीत मात्र उंदीर आधी आला, साम्राज्य नंतर.

१७/
२०१८ मध्ये हिशेब चुकता झाला. त्या वर्षाचा तोटा सुमारे १६३ कोटी युआन. त्याचा मोठा भाग ‘गुडविल’ घटवल्याचा होता. गुडविल म्हणजे एखादी कंपनी घेताना तिच्या मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेली किंमत, म्हणजेच भविष्यावर ठेवलेला विश्वास. तो विश्वास वहीतून खोडावा लागला. २०२१ मध्ये ‘यू१७’ बिलीबिली कंपनीला ६० कोटी युआनला विकले गेले, खरेदीच्या सुमारे दोन तृतीयांश किमतीत.

१८/
याच काळात एक काम मात्र तग धरून राहिले: ‘सुपर विंग्ज’. जेट नावाचे लाल-पांढरे विमान देशोदेशींच्या मुलांना पार्सल पोहोचवते आणि अडचण आली की यंत्रमानव होऊन ती सोडवते. कोरियाच्या फनीफ्लक्स स्टुडिओबरोबर केलेली ही मालिका शंभराहून अधिक देशांत पोहोचली. येथे खेळणे आणि गोष्ट एकत्र वाढली. रूप बदलणे हा खेळण्याचा गुण कथेतही कामाचा ठरला आणि कथाकारांना आरंभापासून जागा मिळाली.

१९/
आता चिनी अ‍ॅनिमेशनकडे पाहा. २०१९ मध्ये ‘नेझा’ या पौराणिक बालवीरावरील चित्रपटाने एकट्या चीनमध्ये सुमारे ५०० कोटी युआन मिळवले. तो आल्फाचा नव्हता. त्याच्या अधिकृत वस्तूंची तयारी इतकी अपुरी होती, की प्रेक्षक मागणी करीत आणि दुकानांत नकली माल विकला जाई. वीस वर्षांपूर्वी खेळणी तयार असून गोष्ट मिळत नव्हती. आता गोष्ट होती आणि खेळणी मागे पडली.

२०/
आल्फाचा इतिहास यशाचा की अपयशाचा, असा निवाडा घाईचा ठरेल. उसन्या पैशांतून आणलेल्या यंत्रापासून शंभर देशांच्या पडद्यापर्यंतचा तिचा प्रवास लहान नाही. सरकारने सायंकाळची वेळ दिली, बाजाराने भांडवल दिले, चंगहायने कुशल हात दिले. या तिन्हींतून कारखाना उभा राहतो. गोष्ट सांगणारा माणूस मात्र आदेशाने, भांडवलाने वा साच्याने तयार होत नाही. त्याला वेळ द्यावा लागतो आणि तो टिकून राहील अशी जागा द्यावी लागते.

२१/
उद्योगांचा इतिहास वाचताना आपण कारखाने, करार आणि आकडे मोजतो. खेळण्याच्या इतिहासात आणखी एक साक्षीदार असतो: जमिनीवर मांडी घालून बसलेले मूल. गाडी कोणाच्या कारखान्यातली, हे त्याला ठाऊक नसते. त्या गाडीला नाव आहे की नाही, एवढेच ते पाहते. पिपाणीला नाव नव्हते, म्हणून कोणीही ती करू शकला. बकरीला नाव होते, म्हणून तिच्यासाठी कोट्यवधी मोजावे लागले.
(समाप्त)