जोहार : चांद्यातील एका अभिवादनाचा इतिहास

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या अरण्यभागात नव्याने रुजू झालेला मराठीभाषी शिक्षक वा वनाधिकारी जे शब्द प्रथम आत्मसात करतो, त्यांत ‘जोहार’ हा बहुधा असतोच. आपण गोंडांचा एक शब्द उचलला, अशी त्याची समजूत असते. ती तपासून पाहण्यासारखी आहे.

वस्तुतः हा शब्द मराठीला परका नाही. चोखामेळ्याच्या नावावरील अभंगांत तो येतो. एकनाथांनी महाराच्या मुखाने वदविलेल्या भारुडांचा ‘जोहार’ हा तर एक स्वतंत्र प्रकारच होय. एकनाथांच्याच शतकात तुलसीदासांच्या रामचरितमानसात वनवासी कोल-किरात रामाला जोहार करतात. झारखंडातील मुंडा, संथाळ व उरांव यांतही तो रूढ आहे, आणि या साऱ्यांची भाषाकुले एक नव्हेत. ‘जयकार’ या शब्दापासून त्याची केली जाणारी व्युत्पत्ती ग्राह्य वाटते. राजपुतांच्या ‘जौहरा’शी त्याचे नाते जोडणे म्हणजे मात्र निव्वळ ध्वनिसाम्याला भुलणे होय. असो.

व्युत्पत्तीपेक्षा, जोहार कोणी कोणाला करावयाचा, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. गावगाड्यात महाराने तो पाटील-कुलकर्ण्यांस करावयाचा. इतर जातींत परस्परांना ‘रामराम’ चाले. बोलणाऱ्याची पायरी त्या एका शब्दात ठरून जाई. आंबेडकरी चळवळीने तो टाकला तो याच कारणाने. त्याच्या जागी ‘जय भीम’ आला. त्याच्या प्रसाराचे श्रेय कामठीचे बाबू हरदास एल. एन. (१९०४–१९३९) यांना दिले जाते. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, चांद्यास डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत धम्मदीक्षा झाली, आणि जुन्या जोहाराला या भागातील बौद्ध समाजात स्थान उरले नाही.

त्याच चांद्याच्या परिसरात गोंडांनी तो टाकला नाही. येथे १७५१ पर्यंत गोंड राजे होते; पण केवळ राजवैभवाच्या स्मृतीने हे उलगडत नाही, कारण पुढे भोसले व इंग्रज यांच्या अमलात गोंडही दबले गेले. माझ्या मते खरे कारण असे की, गोंडांत जोहार परस्परांना केला जातो : पाहुणा करतो, यजमान त्याच शब्दाने उत्तर देतो. आज सभा-संमेलनांतून ‘जय सेवा’, ‘सेवा जोहार’ अशी रूपेही ऐकू येतात.

वनाधिकाऱ्याच्या जोहाराची परीक्षा येथेच होते. कचेरीत आलेल्या गोंड वृद्धाला त्याने स्वतः आधी जोहार केला, तर तो गोंडांचा जोहार होतो. वृद्धाच्या जोहारावर नुसती मान हलविली, तर गावगाड्यातला.