प्रिन्सेप यांची सचोटी

इ. स. १८३७ मध्ये कलकत्त्याच्या टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचा उलगडा केला. सांचीच्या छोट्या लेखांच्या अखेरीस वारंवार येणारी अक्षरे ‘दानं’ अशी वाचता आली आणि वाट खुली झाली. स्तंभलेखांतील ‘देवानंपिय पियदसि’ म्हणजे सिंहलचा राजा देवानंपिय तिस्स, असे मात्र त्यांनी मानले. सिंहलमधील पालीज्ञ जॉर्ज टर्नर यांनी दीपवंसाच्या आधारे पियदस्सी हा अशोकच होय, असे दाखविले. प्रिन्सेप यांनी स्वमताचा आग्रह सोडून तो पुरावा आपण संपादित करीत असलेल्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातच छापला. लिपी वाचणाऱ्या बुद्धीचे कौतुक पुष्कळ होते. आम्हांस ही सचोटी तिच्याहून दुर्मीळ वाटते. पुढे १९१५ मध्ये ‘असोक’ नावाचा मस्की येथील शिलालेख सापडला, तेव्हा प्रिन्सेप यांना जाऊन पाऊणशे वर्षे झाली होती.