दिल्लीची सीमा आणि धुराचा नकाशा

नकाशा म्हटला की शाळेच्या भिंतीवरचा तो रंगीत कागद डोळ्यांपुढे उभा राहतो. एक रंग पंजाबचा, दुसरा हरियाणाचा, तिसरा उत्तर प्रदेशाचा, आणि त्यांच्यामध्ये बोटाच्या टोकाखाली झाकून जाईल एवढीशी दिल्ली. त्या कागदामुळे मनावर एक समजूत ठसून बसते, ती अशी की रंग जेथे बदलतो तेथे भूमीही बदलते. वस्तुतः सीमारेषा ही राज्यकारभाराच्या सोयीसाठी ओढलेली खूण होय. वाऱ्याला ती अडवीत नाही आणि भूमीखालच्या पाण्यालाही अडवीत नाही. ही गोष्ट तत्त्वतः सर्वांस ठाऊक असली तरी ती प्रत्यक्ष दाखवून देण्याचे काम संगणकावर तयार होणाऱ्या नकाशांनी केले, आणि दिल्लीच्या परिसरात त्या नकाशांनी एका जुन्या सीमेविषयी नवा प्रश्न उभा केला.

दिल्लीची ही सीमा मुळात फार जुनी नाही. सप्टेंबर १८०३ मध्ये यमुनेच्या पूर्वतीरावर पटपडगंज येथे शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि दिल्लीवरील मराठ्यांचे वर्चस्व संपले. त्यानंतर हा मुलूख कंपनी सरकारच्या हाती गेला आणि पुढे वायव्य प्रांतांत मोडू लागला. १८५७ चा उठाव मोडून काढल्यावर, १८५८ मध्ये, दिल्ली पंजाब प्रांताला जोडण्यात आली. डिसेंबर १९११ च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस नेण्याची घोषणा झाली आणि ऑक्टोबर १९१२ मध्ये दिल्लीचा वेगळा प्रांत अस्तित्वात आला. १९१५ मध्ये यमुनेपलीकडील मीरत जिल्ह्याची काही गावे त्यात घालण्यात आली. आज जिला दिल्लीची हद्द म्हणतात ती १,४८३ चौरस किलोमीटरांची आकृती अशा रीतीने साकार झाली. म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ दिल्ली हा पंजाबचाच एक भाग होता. राजधानीच्या गरजेसाठी तो कागदावर वेगळा काढण्यात आला. भूमी, पाणी आणि हवा मात्र जेथल्या तेथेच राहिली.

नकाशाचा उपयोग सीमा दाखविण्यापलीकडे जाऊ शकतो, याचे जगप्रसिद्ध उदाहरण १८५४ सालचे आहे. लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली असता जॉन स्नो या डॉक्टराने घरोघरची मृत्यूंची माहिती गोळा केली. पुढे त्याने ती एका नकाशावर काळ्या रेघांनी मांडली, तेव्हा रेघांची दाटी ब्रॉड स्ट्रीटवरील पाण्याच्या पंपाभोवती दिसून आली. त्या पंपाचा दांडा काढून टाकला गेला तेव्हा साथ आधीच ओसरू लागली होती, आणि नकाशा तर त्याच्याही नंतर प्रसिद्ध झाला. तथापि त्याचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. रोग्यांचा नकाशा आणि पाण्याचा नकाशा हे दोन निराळे विषय त्याने एकाच कागदावर आणले, आणि जे दोन याद्यांत कधीच दिसले नसते ते एका दृष्टिक्षेपात दिसले. एकावर एक नकाशे ठेवून पाहण्याची हीच रीत १९६० नंतरच्या दशकात कॅनडामध्ये रॉजर टॉमलिन्सन याने संगणकाच्या स्वाधीन केली. साऱ्या देशाच्या जमिनीचे, जंगलांचे आणि शेतीचे नकाशे हाताने ताडून पाहणे मनुष्यबळाच्या आवाक्याबाहेरचे होते. यंत्राला मात्र ते शक्य झाले.

दिल्लीकरांना या नव्या नकाशांचा परिचय झाला तो लाल ठिपक्यांच्या रूपाने. अमेरिकेचा ॲक्वा हा उपग्रह २००२ मध्ये आणि सुओमी एनपीपी हा २०११ मध्ये अवकाशात गेला. भूपृष्ठावरून निघणारी उष्णता टिपून कोठे आग पेटली आहे हे ते सांगू शकतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्यांनी पाठविलेली माहिती नकाशावर मांडली की पंजाब आणि हरियाणाचा पट्टा लाल ठिपक्यांनी भरून जातो. भाताची कापणी यंत्राने केल्यावर धसकटे आणि मोकळे काड शेतातच राहते. तिकडे त्याला पराली म्हणतात. गव्हाच्या पेरणीला अवघे दोन-तीन आठवडे उरलेले असतात, आणि काड उचलण्यास मजुरी पडते. काडीपेटीला काहीच पडत नाही. याच दिवसांत वारा वायव्येकडून दिल्लीकडे वाहू लागतो. थंडीमुळे जमिनीलगतची हवा जड होऊन धूर वर चढू शकत नाही, आणि राजधानी काजळीच्या झाकणाखाली सापडते. ठिपक्यांची ही दाटी भारताच्या सीमेवर थांबत नाही. ती पलीकडे पाकिस्तानच्या पंजाबातही दिसते, आणि लाहोरचे नागरिक त्याच दिवसांत तशाच हवेत श्वास घेतात.

एवढ्या एका नकाशावर विसंबणारा मनुष्य साहजिकच म्हणेल की दोष शेतकऱ्याचा. परंतु या नकाशावर दुसरा नकाशा ठेवला की हा निवाडा डळमळू लागतो. २००२ मध्ये ग्रेस नावाची उपग्रहांची जोडी पृथ्वीभोवती फिरू लागली. एकामागून एक जाणाऱ्या या दोन उपग्रहांतील अंतर गुरुत्वाकर्षणाच्या सूक्ष्म फरकाने कमीजास्त होते, आणि त्यावरून भूमीखालच्या पाण्याची घट अजमावता येते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार राजस्थान, पंजाब आणि दिल्लीसह हरियाणा या टापूने ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या सहा वर्षांत सुमारे १०९ घनकिलोमीटर भूजल गमावले होते. पाण्याची ही ओढ तेथील सरकारांना ठाऊक होतीच. पंजाबने २००९ मध्ये कायदा करून १० जूनपूर्वी भाताची लावणी करण्यास मनाई केली आणि हरियाणानेही तसाच कायदा केला. कडक उन्हाळ्यात शेतात पाणी उभे राहू नये हा त्यामागील हेतू योग्यच होता. पण लावणी पुढे गेली तशी कापणीही पुढे गेली. जे काड पूर्वी वारा खेळता असताना जळत असे ते आता ऐन थंडीच्या तोंडावर, वारा पडला असताना जळू लागले. पाणी वाचविण्यासाठी टाकलेले पाऊल अशा प्रकारे हवेच्या मार्गात आले. आणि भातगव्हाची ही जोडी तरी त्या भूमीवर कोणी आणली? देशाला अन्न हवे होते म्हणून ती आली. हमीभाव, सरकारी खरेदी आणि पंपांसाठी फुकट वीज यांनी ती रुजविली. दिल्लीच्या पुसा येथील भारतीय कृषि संशोधन संस्थेच्या शेतांवर १९६० नंतरच्या दशकात बुटक्या गव्हाच्या चाचण्या झाल्या. हरितक्रांतीच्या उभारणीत मोठा वाटा उचलणारी तीच संस्था आता हंगामात दररोज उपग्रहांच्या साहाय्याने शेतांतील आगी मोजते. इतिहासाचे वर्तुळ इतक्या थोड्या काळात क्वचितच पुरे होत असेल.

तिसरा नकाशा दिल्लीच्या स्वतःच्या धुराचा आहे, आणि तो घडविण्यात पुण्याचा हात आहे. १९६२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने दिल्लीसाठी सफर नावाची हवेच्या अंदाजाची योजना उभी केली. पुढे तिचा विस्तार पुणे आणि मुंबई या शहरांपर्यंत झाला. या योजनेत दिल्ली आणि भोवतालच्या ७० किलोमीटर लांब व ६५ किलोमीटर रुंद प्रदेशाचे चौकोन पाडण्यात आले. प्रत्येक चौकोनात वाहने किती, चुली किती, कारखाने किती, रस्त्यावरची धूळ किती, याचा हिशेब मांडला गेला. २०१० मध्ये चौकोनाची बाजू सुमारे पावणेदोन किलोमीटर होती. २०१८ मध्ये ती ४०० मीटरांवर आली. हे काम आकाशातून होण्यासारखे नव्हते. त्यासाठी माणसांना रस्त्यांवर आणि वस्त्यांत जाऊन मोजणी करावी लागली. त्यातून दिसले ते असे की शेतांतील धुराचा वाटा दिवसागणिक बदलतो. नोव्हेंबर २०२० मधील एखाद्या दिवशी तो चाळीस टक्क्यांवर गेला, तर वर्षाच्या बहुतेक दिवशी तो नगण्य असतो. शहराच्या मोटारी, बांधकामे आणि भट्ट्या मात्र बारमाही आहेत.

नकाशाच्या मर्यादाही याच ठिकाणी ध्यानात येतात. शेतातील आग लाल ठिपका होऊन उमटते, परंतु लाखो मोटारींच्या नळ्यांतून निघणारा धूर ठिपका होत नाही. जे ठळक दिसते तेच मोठे कारण, असे मन चटकन मानू लागते. शिवाय आगी टिपणारे हे उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास या प्रदेशावरून जातात. त्यानंतर लावलेली आग त्यांच्या नजरेतून सुटते. एका जागी स्थिर राहून सतत पाहणाऱ्या दक्षिण कोरियाच्या उपग्रहाची चित्रे २०२४ मध्ये तपासली गेली, तेव्हा आगींची वेळ दुपारनंतर सरकत गेल्याचे दिसून आले. नकाशावरील ठिपके कमी झाले म्हणजे शेतांतील आगी तितक्याच कमी झाल्या, असे म्हणता येत नाही. मोजणाऱ्याची वेळ ठाऊक झाली की मोजली जाणारी गोष्टही आपली वेळ बदलते, हा अनुभव कोणत्याही कचेरीला नवा नाही.

मग अशा नकाशांचा खरा उपयोग कोणता? युरोपच्या अनुभवात या प्रश्नाचे एक उत्तर सापडते. तेथे एका देशातील धुरांड्यांतला गंधक दुसऱ्या देशाच्या तळ्यांत आम्लवर्षा होऊन पडत असे. नोव्हेंबर १९७९ मध्ये जिनीव्हा येथे अनेक राष्ट्रांनी दूरवर पसरणाऱ्या वायुप्रदूषणाविषयी करार केला, आणि कोणाचा गंधक कोणाच्या भूमीवर किती पडतो याचा हिशेब सर्वांनी मिळून, चौकोन पाडलेल्या एकाच नकाशावर ठेवण्याची व्यवस्था केली. त्या हिशेबावर विश्वास बसला म्हणूनच १९८५ मध्ये हेलसिंकी येथे गंधकाचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटविण्याचे बंधन अनेक राष्ट्रांनी मान्य केले. करारामागे नकाशा होता, आणि तो कोणा एका पक्षाचा नव्हता.

दिल्लीनेही त्या दिशेने काही पावले टाकली आहेत. १९८५ मध्ये राष्ट्रीय राजधानी क्षेत्राच्या नियोजनासाठी कायदा झाला आणि ते क्षेत्र आज सुमारे ५५,००० चौरस किलोमीटरांचे आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये वटहुकुमाने आणि २०२१ मध्ये कायद्याने, दिल्लीबरोबरच पंजाब, हरियाणा, राजस्थान आणि उत्तर प्रदेश यांच्या लगतच्या भागांतील हवेची काळजी वाहणारा एक आयोग नेमण्यात आला. १९१२ मध्ये वेगळी केलेली दिल्ली हवेच्या बाबतीत तरी पुन्हा आपल्या शेजाऱ्यांशी जोडली गेली, असे म्हणावयास हरकत नाही. तरीही दर हिवाळ्यात तोच वाद नव्याने उभा राहतो. दिल्ली पंजाबच्या ठिपक्यांकडे बोट दाखविते, आणि पंजाब दिल्लीच्या मोटारींकडे.

ज्याने त्याने आपल्या सोयीचा एकच नकाशा हाती धरला तर हा वाद मिटणार नाही. पाण्याचा, पिकांचा, आगींचा आणि रस्त्यांचा नकाशा एकत्र ठेवला की दोषाची वाटणी करणे अवघड होते, कारण प्रत्येकाचा थोडा थोडा वाटा तेथे दिसू लागतो. काड उचलण्याचा खर्च कोणी सोसावा, भाताऐवजी दुसरे पीक घेणाऱ्यास खरेदीची हमी कोणी द्यावी, आणि नगरवासीयांनी आपली वाहने किती आवरावीत, हे प्रश्न त्यातूनच पुढे येतात. संगणकाचे काम तेथवर आहे. या प्रश्नांची उत्तरे ज्यांना द्यावयाची आहेत ते सारे, शेतकरी असोत की राजधानीचे रहिवासी, एकाच हवेत श्वास घेत आहेत.