अधांतरींचे व्यूह

विमानांतून उडी टाकणारा मनुष्य मोकळ्या हवेंतून पडतांना शुद्ध हरपतो, छत्रीची दोरी ओढण्याइतकें भान त्यास राहत नाहीं, अशी समजूत पहिल्या महायुद्धाच्या काळांत जाणत्या लोकांतहि होती. ती खोटी ठरली २८ एप्रिल १९१९ रोजीं. अमेरिकेंतील डेटन शहराच्या मॅक्कुक विमानतळावर लेस्ली अर्विन या तरुणानें विमानांतून उडी घेतली, कांहीं क्षण तो तसाच पडत राहिला, आणि मग स्वतःच्या हातानें दोरी ओढून त्यानें छत्री उघडली. जमिनीवर उतरतांना त्याचा घोटा मोडला; डोकें मात्र ठिकाणावर होतें. एका घोट्याच्या मोबदल्यांत माणसाला विमान आणि छत्री यांच्यामधली मोकळी जागा मिळाली.

त्या जागेंत करावयाचें काय, हें उमगण्यास आणखी बराच काळ लागला. पडणारें शरीर गरगर फिरूं लागलें कीं त्यास आवरणें कठीण. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या लेओ व्हालांतँ यानें पोट जमिनीकडे, हातपाय पसरलेले आणि कंबर धनुष्यासारखी वांकलेली, अशी पडण्याची रीत रूढ केली. या स्थितींत वारा शरीराला आपण होऊनच तोलून धरतो. पुढें १९५६ सालीं लिव्हरपूल येथें लांकडी पंख बांधून उडी घेतांना व्हालांतँ मृत्यु पावला. पण त्याची रीत टिकली.

एकट्याला तोल सांपडला कीं दुसऱ्याजवळ जाण्याची इच्छा ओघानेंच येते. १९५८ सालीं उत्तर अमेरिकेंत एका उडी घेणाऱ्यानें दुसऱ्याच्या हातीं अधांतरींच एक दांडी दिली. १९६५ सालीं कॅलिफोर्नियांत आठ जणांनीं एकमेकांस धरून वर्तुळ केलें. त्यास ‘तारा’ असें नांव पडलें. सगळेच ताशीं सुमारें दोनशें किलोमीटर वेगानें पडत असल्यामुळें प्रत्येकास शेजारी जवळजवळ स्थिर दिसतो. अंग थोडें आवळलें तर मनुष्य खालीं जातो, पसरलें तर वर राहतो. एवढ्याशा हालचालींवर सारा व्यूह उभा असतो.

या व्यूहांची पहिली जागतिक स्पर्धा १९७५ सालीं पश्चिम जर्मनींतील वारेनडॉर्फ येथें झाली. आज रूढ असलेल्या चौघांच्या स्पर्धेंत पांचवा गडी छायाचित्रक घेऊन बरोबर उडी घेतो, आणि परीक्षक जमिनीवर बसून त्याचें चित्रण पाहतात. कोणत्या आकृति करावयाच्या, हें चिठ्ठ्या काढून ठरतें. पूर्ण झालेल्या प्रत्येक आकृतीला एक गुण; मध्यें पकड नियमाप्रमाणें सुटली नाहीं तर गुण गेला. वेळ अवघा ३५ सेकंदांचा. तेवढ्यांत उत्तम संघ वीसहून अधिक आकृति पुऱ्या करतात. १९९८ सालीं अमेरिकेंतील ऑर्लँडो येथें खालून वर वारा सोडणारा उभा बोगदा लोकांसाठीं खुला झाला. पुढें अशा बोगद्यांतून तासचे तास सराव करतां येऊं लागला, आणि खेळाची गति आणखीच वाढली.

या मोजदादीचा कंटाळा येणारेहि निघाले. जर्मनीचा ओलाव झिप्सर आणि त्याचे सोबती यांनीं पोटावर पडण्याची सक्तीच झुगारून दिली. बसून, उभें राहून, पाठीवर आणि विशेषतः डोकें खालीं करून ते पडूं लागले. शीर्षासनाला जमिनीचा आधार असतो. येथें आधार वाऱ्याचा, आणि तोहि ताशीं अडीचशें ते तीनशें किलोमीटरचा. वेग कायम राखतां यावा म्हणून झिप्सर शिसें भरलेला चेंडू बरोबर सोडी. चेंडू चुकत नाहीं, त्यामुळें त्याच्या बरोबरीनें राहणाऱ्यास आपली चूक तत्काळ कळे. या कलेला मुक्त उड्डाण म्हणूं लागले. तिच्या कलात्मक स्पर्धा निघाल्या. त्यांत दोघे उडत, तिसरा चित्रण करी, आणि परीक्षक सौंदर्य व कौशल्य पाहून गुण देत.

मग हीच कला व्यूहांत कां आणूं नये? प्रश्न साधा, पण त्यामागील धोका साधा नव्हता. डोकें खालीं करून पडणाऱ्या चमूंतील एकाचा तोल गेला आणि तो पोटावर आला, तर त्याचा वेग एकदम ताशीं पन्नास-साठ किलोमीटरांनीं घटतो. पाण्याखालीं दाबलेलें बूच सुटावें तसा तो इतरांच्या दृष्टीनें वर उसळतो, आणि वरून येणारा त्यावर आदळतो. पोटावरच्या व्यूहांत चुकीची किंमत बहुधा गुणांत मोजतात. येथें ती हाडांत मोजावी लागते. शिवाय एवढ्या वेगांत छत्री अवेळीं उघडली तर तिचा हिसका जिवावर बेतण्यासारखा. म्हणून पाठीवरची पिशवीहि अधिक घट्ट मिटणारी लागते. आधीं तोल, मग जवळीक, आणि सर्वांत शेवटीं पकड, हा क्रम या मंडळींना कोणी पुस्तकांतून शिकविला नाहीं.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत अमेरिकेंतील स्पर्धांत चौघांच्या उभ्या व्यूहांना स्थान मिळालें आणि पुढें जागतिक स्पर्धांतहि. नियम बहुतांशीं जुनेच: चिठ्ठ्या, पकड, सुटका, ३५ सेकंद. फरक इतकाच कीं कांहीं आकृतींत सगळे डोक्यावर, कांहींत एक डोक्यावर व दुसरा पायांवर. कोणाचा हात कोणाच्या हातांत, तर कोणाचा कोणाच्या पावलावर. मोजदादीला कंटाळून निघालेली कला पुन्हां मोजदादींत आली, याची हळहळ कांहीं जुन्या खेळाडूंना वाटली असल्यास नवल नाहीं. तरी यांत तिचा फायदाच अधिक झाला असें म्हणावें लागतें. सुंदर दिसणें परीक्षकाच्या आवडीवर अवलंबून राहतें. दुसऱ्याचें पाऊल नेमक्या क्षणीं हातांत येणें हें कोणाच्याहि आवडीवर नाहीं.

पोटावरच्या व्यूहांतहि शरीराचा ठेवा बदलत गेला. सपाट पसरलेल्या हातांऐवजीं कोपरें खालीं आणि पंजे छातीपुढें, खंडोबाच्या किड्यासारखे, अशी बैठक आली. तींत बळ अधिक व वळणें चपळ. एक जोडी दुसरीच्या अंगावरून पलीकडे जाते, तेव्हां अंतर डाव्या-उजव्या बाजूंइतकेंच वर-खालींहि जोखावें लागतें, आणि मुक्त उड्डाणांत मुरलेल्या गड्याची नजर त्याला आधींच सरावलेली असते.

मोठ्या व्यूहांचें कौतुक निराळें. फेब्रुवारी २००६ मध्यें थायलंडांतील उदोन थानी येथें ४०० जणांनीं पोटावर पडत एकच आकृति साधली. ३१ जुलै २०१५ रोजीं अमेरिकेंतील इलिनॉय राज्यांत ओटावा गांवावर १६४ जण डोकें खालीं करून एकमेकांस धरून होते. आकडा लहान दिसतो, पण वेग ध्यानांत घेतला म्हणजे त्याचें वजन कळतें. असा व्यूह जितका जपून जुळवावा लागतो, तितकाच जपून मोडावाहि लागतो: आधीं कडेचे सुटून दूर जातात, मग त्यांच्या आंतले, आणि मधल्या गड्यांनीं, ज्यांच्याभोंवतीं सारें जुळलें, सर्वांत शेवटीं हात सोडावयाचे.