आल्याच्या चहाची पूर्वपीठिका

महाराष्ट्रातील घरांत आल्याचा चहा ज्या रीतीने केला जातो, ती रीत या देशातील चहापेक्षा बरीच जुनी आहे. औषधी द्रव्यांपासून कल्प सिद्ध करण्याच्या ज्या पाच मूलभूत रीती आयुर्वेदाने सांगितल्या, त्यांपैकी फांट म्हणजे द्रव्यावर कढत पाणी ओतून ते गाळून घेणे आणि क्वाथ म्हणजे द्रव्य पाण्यात उकळून आटवणे, ज्याला घरगुती भाषेत काढा म्हणतात. शार्ङ्गधरसंहितेत क्वाथासाठी द्रव्याच्या १६ पट पाणी घेऊन ते अष्टमांश उरेपर्यंत आटवण्यास सांगितले आहे. इतका आटवलेला चहा अर्थातच कोणी पिणार नाही. तरीही इंग्रजांचा किटलीतला चहा हा फांट ठरतो, तर ठेचलेले आले आणि चहापूड एकत्र उकळून केलेला चहा क्वाथाच्या कुळात बसतो.

या मिश्रणाचा एक जुना पुरावा सुरतेचा आहे. १६८९ मध्ये तेथे आलेल्या जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज धर्मोपदेशकाने नोंदवले आहे की, उष्ण मसाले घालून उकळलेला चहा डोकेदुखी व पोटातील मुरड्यावर गुणकारी मानला जाई आणि त्यात बहुधा खडीसाखर घालत. हे मसाले कोणते, हे त्याने सांगितलेले नाही. पण चहाला पेयापेक्षा औषध म्हणून मिळालेले हे स्थान लक्षणीय आहे.

आसामचा चहा १८३९ मध्ये लंडनच्या लिलावात विकला गेला, तरी पुढे दीर्घकाळ हिंदी मळ्यांची नजर परदेशी बाजारावरच राहिली. इकडे १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून टिळक, रानडे प्रभृतींवर ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण ओढवले. वाद चहाच्या गुणदोषांचा नव्हता, तो कोणाच्या हातचा घ्यावा याचा होता. आल्याला मात्र असा कोणताच अटकाव नव्हता, कारण ते फोडणीत, चटणीत आणि पडशावरच्या काढ्यात आधीपासूनच होते.

१९०३ च्या कायद्याने निर्यात होणाऱ्या चहावर प्रचारासाठी उपकर बसवला गेला आणि १९३० च्या दशकातील मंदीत माल तुंबल्यावर देशी गिऱ्हाइकाकडे खरे लक्ष वळले. प्रचारक ‘योग्य’ पद्धत शिकवीत: किटली गरम करावी, पत्ती मोजून घालावी, दूध शेवटी मिसळावे. विक्रेते दूध, साखर, मसाला सारे एकत्र उकळत, त्यामुळे थोड्या पत्तीत काम भागे. मळेवाल्यांच्या नाराजीत चवीपेक्षा खपाची चिंता अधिक असावी. गंमत अशी की, उकळण्याच्या या रीतीला बळ मिळाले ते मळ्यांतूनच. १९३० च्या सुमारास आसामात विल्यम मॅककर्चर याने बसवलेल्या, पान चिरडून, फाडून, वळवणाऱ्या सीटीसी यंत्रातून निघालेली दाणेदार पूड झटकन रंग सोडते आणि दुधातही कडक राहते.

घरच्या पद्धतीतील एक बारकावा मात्र कोणत्याही प्रचारकाने शिकवलेला नाही. ताज्या आल्यात प्रथिने तोडणारे एक विकर असते, ज्याने कोमट दूध फाटते. चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात तर याच गुणाचा उपयोग करून आल्याच्या रसाने दूध थिजवून गोड पदार्थ करतात. उकळीने हे विकर निष्प्रभ होते, म्हणून आले आधी पाण्यात खळखळून उकळायचे आणि दूध नंतर घालायचे, हा क्रम स्वयंपाकघरांत रूढ झाला.