बाबांच्या शॉटमधलं मीठ

चाकणला नोकरी लागली आणि मी चंद्रपूरहून भोसरीत राहायला आलो. तेव्हा मोशीच्या दगडखाणीत सुरुंग उडाला की आमची तावदानं थरथरायची. बाबा पहिल्यांदा आले, तो आवाज ऐकला आणि म्हणाले, "उघड्यावरचा आहे. त्याला काय, कितीही जोर चालतो."

बाबा शॉट फायरर. उभी हयात जमिनीखालच्या कोळसा खाणीत गेली. तिथे जोर चालत नाही.

कोळशातून मिथेन झिरपतो. हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्के झालं की एक ठिणगी पुरते. वर उडालेली कोळशाची धूळ पेटली तर आग गल्लीगल्लीतून धावते. नोबेलने १८६७ साली डायनामाइटचं पेटंट घेतलं. खडक फोडायला ते उत्तम, पण त्याची ज्वाला अशा खाणीत घात करायची. शेवटी १८९० साली फ्रान्सने नियम केला, की कोळशात वापरायच्या स्फोटकाचं तापमान १५०० अंशांवर जाता कामा नये.

म्हणजे स्फोटक थंड करायचं! कशाने? तर पुढे त्यात चक्क मीठ घालू लागले. तेच, आपलं खायचं. मीठ उष्णता शोषतं, ज्वाला आखूड आणि क्षणभराची करतं. जोर कमी होतो, पण तो जाणूनबुजून कमी केलेला. अशा स्फोटकाला आपल्याकडे 'परमिटेड' म्हणतात. डिटोनेटरची नळीसुद्धा तांब्याची, कारण ॲल्युमिनियमचे तापलेले कण गॅस पेटवू शकतात.

पूर्वी त्यात नायट्रोग्लिसरीनही असायचं. ते हाताळून बाबांचं डोकं ठणकायचं. आई सुंठ उगाळून लावायची. २००४ साली आपल्याकडे ती जात बंद झाली.

आता चंद्रपूरकडे बहुतेक कोळसा उघड्या खाणींतून निघतो. तिथले स्फोट प्रचंड असतात, लोक मोबाइलवर त्यांचे व्हिडिओ काढतात. बाबांचा शॉट कुणी पाहिलाच नाही. आधी दिव्याने गॅस तपासायचा, भोक मातीने ठासायचं, माणसं मागे न्यायची, मोजायची, मग किल्ली फिरवायची. नंतर धूर ओसरला की पुन्हा तपासायचं.

चाकणला आम्हाला कामाचा वेग शिकवतात. घाईत मशीनचं गार्ड काढावंसं वाटतं, तेव्हा मला ते मीठ आठवतं.

बाबा आता नाहीत. नोकरीत किती शॉट मारले, असं एकदा त्यांना विचारलं होतं. म्हणाले, "ते नाही मोजले. माणसं मोजायचो."